पोपटांनी मिरच्या फस्त केल्या. त्यांना झोंबत कशी नाही?

पूर्वभागातली | रविवार, दुपारी ३:१२

प्रश्न बावळट वाटला तर वाटू दे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

काळ्या तिखटासाठी यंदा साडेपाच किलो मिरची आणली. ३ किलो ब्याडगी, २ किलो गुंटूर आणि अण्णांच्या (माझे वडील) हट्टापायी अर्धा किलो लवंगी. डंकावर न्यायच्या आधी दोन कडक उन्हं द्यायची म्हणून देठं मोडून गच्चीत जुन्या चादरीवर पसरली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास कपडे वाळत घालायला वर गेले, तर चादरीवर सहा पोपट! मला बघून पाच उडाले, सहावा बसूनच. पंजात लवंगी धरलेली. चोचीनं उभी चिरली, आतलं बी काढून घेतलं, साल टाकून दिली. मग दुसरी. ठसका नाही, काही नाही. त्याच मिरच्यांची देठं मोडताना माझे हात रात्रभर जळत होते.

तेवढ्यात शेजारच्या शेवग्यावरून खार उतरली. एक मिरची दोन्ही हातांत धरून टोक कुरतडलं आणि टाकली. पुढचे पाय तोंडावर घासत कठड्यापर्यंत गेली, मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे खारीला झोंबते आणि पोपटाला नाही? अण्णा म्हणतात, "पाखराला चवच नसतीय." असं असतं का खरंच? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. व्हॉट्सअॅपवरचं नको.

कडक_भाकरी | रविवार, दुपारी ३:३०

पोपट सोलापूरचे हायत ओ ताई. सकाळी शेंगाचटणी हाणून आले असतील. पुण्याचा पोपट बसवून बघा, वाटीभर साखर मागंल.

प्रयोगवही | रविवार, संध्याकाळी ५:०५

३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा हा प्रश्न पाहून राहवलं नाही.

आधी एक गोष्ट. तिखट ही चव नव्हेच. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटोत असते ती उमामी, या चवी. तिखट म्हणजे जळजळ, वेदनेचा एक प्रकार. पटत नसेल तर आठवा, देठं मोडलेला हात चुकून डोळ्याला लागला की काय होतं? डोळ्याला जीभ नसते, तरी झोंबतं. तुमचे हात रात्रभर जळले, तेही त्याच न्यायानं.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं खरं काम भाजण्याची सूचना देणं. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की ते उघडतं आणि मेंदूला कळतं, "भाजतंय". मिरचीतला कॅप्सेसिन हा रेणू त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि उष्णता नसतानाच ते उघडतो. म्हणून तिखट खाल्लं की घाम फुटतो. शरीर खरोखर गरम झाल्यासारखं वागतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं (आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह).

आता पोपट. पक्ष्यांमध्येही हे प्रथिन असतं आणि उष्णतेला ते व्यवस्थित दाद देतं. पण कॅप्सेसिन जिथं चिकटतं तिथली त्याची घडण थोडी निराळी आहे. २००२ मध्ये कोंबडीचं प्रथिन घेऊन हे दाखवलं गेलं. गरम पाणी कोंबडीला पोळतं, पण लवंगी मिरची तिला भोपळ्यासारखी. खार आपल्यासारखीच सस्तन, तिला सुटका नाही.

अवांतर: बी तिखट असतं हा समज चुकीचा. सगळ्यात तिखट आतला पांढरा दांडा, ज्याला बिया चिकटलेल्या असतात तो. बियांना तिखटपणा त्याच्याकडून लागतो.

कडक_भाकरी | रविवार, संध्याकाळी ५:२०

४३ अंश म्हणजे आमचा मे महिना की सर! मग आमचं ते प्रथिन महिनाभर उघडंच राहतंय काय? तरीच इथली माणसं तापट.

प्रयोगवही | रविवार, संध्याकाळी ५:४१

हवा ४३ असली तरी घामामुळं कातडी त्याच्या बरीच खाली राहते. तापटपणाचं कारण दुसरीकडं शोधा.

माळरान | रविवार, रात्री ८:१५

प्रयोगवही सरांनी 'कसं' सांगितलं, मी 'का' सांगतो. नान्नजच्या माळावर पक्षी बघत फिरण्यात अर्धं आयुष्य गेलंय.

मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी इकडं आणायच्या आधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. तिकडच्या रानमिरचीला फळ खाणारा गिऱ्हाईक हवा, पण बी चावून टाकणारा नको. उंदीर, घुशी दाढांनी बी भरडतात. पक्ष्याला दात नाहीत. तो अख्खं गिळतो आणि चार झाडं पलीकडं जाऊन विष्ठेतून बी टाकतो, तेही खतासकट. २००१ मध्ये टेक्सबरी आणि नाभान या दोघांनी दक्षिण अॅरिझोनातल्या रानमिरचीवर हेच दाखवलं. तिथले उंदीर मिरचीच्या वाटेला जात नव्हते, पक्षी खुशाल खात होते. बिनतिखट जातीची मिरची उंदरांना खायला घातली तर त्यांच्या विष्ठेतलं बी रुजलंच नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतलं रुजलं.

पण ताई, तुमचे पोपट या हिशेबात चोर आहेत. पोपट बी फोडून खातो. मिरचीच्या झाडाला पाहुणा हवा तो बुलबुलासारखा. लालबुड्या बुलबुल तिखट मिरची गिळतो ते कुणाच्या परसात मिरचीचं झाड असेल तर बघा.

सात_रस्ता | रविवार, रात्री ८:५०

आमच्याकडं मिठू आहे पिंजऱ्यात, १२ वर्षं. रोज एक हिरवी मिरची लागते त्याला. आम्ही उगाच समजत होतो की बिचाऱ्याला सवय झाली.

माळरान | रविवार, रात्री ९:०२

देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हो. भांडायला नाही लिहीत, एवढं वनखात्यात विचारून घ्या. इथंच थांबतो, धागा भरकटेल.

डॉ_गोठा | रविवार, रात्री ९:४०

मी सांगोल्याकडं जनावरांचा डॉक्टर. अण्णांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाखराला चव असते, पण बेताची. आपल्या जिभेवर चवीच्या कळ्या २ ते ८ हजारांच्या घरात. कोंबडीच्या तोंडात काहीशेच, त्याही मागं टाळ्याकडं जास्त. दाणा टिपला की गिळला, चघळणं नाहीच. कळ्या करायच्या काय? आणि गाईला? २५ हजारांच्या आसपास!

लोक म्हणतात, गाय काय, समोर टाकलेला कडबा खाते, तिला कसली चव? उलट आहे. झाडपाल्यात विष असतं आणि ते बहुतेक कडू असतं. जो दिवसभर पाला खातो त्याला पारख जास्त लागते. गव्हाणीत कुट्टी टाकल्यावर गाय आधी फुंकर मारल्यासारखं करून हुंगते, जिभेनं थोडं उलथंपालथं करते, आणि बुरशी आलेलं कोपऱ्यात सारून देते. मुरघासाचा (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा नीट दाबला नसेल तर मालकाच्या आधी गाईला कळतं. शेळी मात्र निराळी. कडूला ती गाईपेक्षा पुष्कळ सोसते. कडुलिंब ओरबाडून खाते ते उगाच नाही.

आणि एक, गोठ्याची भिंत किंवा माती चाटणारं जनावर दिसलं तर "खोड लागलीय" म्हणून मारू नका. मीठ नाहीतर फॉस्फरस कमी पडतंय. चाटण वीट टांगा.

उजनीकाठ | रविवार, रात्री १०:१०

डॉक्टरसाहेब, चवीत सगळ्यात वरचा नंबर आमच्या धरणातल्या मिशाळ माशांचा ना? मांगूर, शिंगाडा वगैरे. जाळ्यातून काढताना बघतो, नुसत्या मिशा वळवळत असतात.

डॉ_गोठा | रविवार, रात्री १०:२५

बरोबर. मिशाळ माशांच्या काही जातींत कळ्या लाखाच्या वर, आणि त्या फक्त तोंडात नाहीत, मिशांवर, अंगभर. गढूळ पाण्यात डोळ्याचा उपयोग नाही. मासा म्हणजे पोहणारी जीभ समजा.

मनीमाऊची_आई | सोमवार, सकाळी ७:३०

माहेर बाळीवेस, आता पुण्यात. (कडक_भाकरी, पुण्याच्या पोपटांवर राग का?)

आमच्या मांजरीला जिलेबी, श्रीखंड, गुलाबजाम, सगळं दाखवून झालं. हुंगून तोंड फिरवते. पण पेढा खाते! माझा मुलगा म्हणतो, तिला डायबिटीसची भीती आहे. गोड आवडत नाही तर पेढा कसा?

प्रयोगवही | सोमवार, सकाळी ९:००

मांजरीला गोड कळतच नाही. न आवडण्याचा प्रश्नच येत नाही. गोड ओळखणारी कळ (बटण म्हणा) दोन प्रथिनं जोडून बनते. मांजराच्या कुळात त्यांपैकी एकाचं जनुक मोडलेलं आहे. २००५ मध्ये हे सिद्ध झालं. वाघ-सिंहांचंही तेच. निव्वळ मांस खाणाऱ्याला साखरेची गरज पडली नाही, कळ मोडली तरी कुणाचं अडलं नाही. पेढा ती खाते खव्यातल्या स्निग्धासाठी. तिच्या लेखी पेढा म्हणजे लोण्याचा गोळा.

कुत्र्याला मात्र गोड कळतं, म्हणून चॉकलेट त्याच्या आटोक्यात ठेवू नका. त्याला ते विष आहे.

डॉ_गोठा | सोमवार, दुपारी १:१५

जेवायला बसलो होतो, पण वासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून डबा बाजूला ठेवला. जनावरांत खरा कारभार वासाचा.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात गेला असाल. एखादा खिल्लार बैल मान उंच करतो, वरचा ओठ नाकाकडं मुडपतो आणि काही सेकंद तसाच थांबतो. पोरं फोटो काढतात, "बैल हसला, दात काढले" म्हणून. पहिली गोष्ट, गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, तिथं कडक हिरडीची गादी असते. दुसरी, तो हसत नाही, वाचतोय.

त्या गादीच्या मागं टाळ्याला दोन बारीक भोकं असतात. ती जातात याकोबसनच्या अवयवाकडं. नाकाहून वेगळं, दुसरं नाक म्हणा. गाईनं मूत्र टाकलं की बैल तोंड लावतो, ओठ मुडपून नाकपुड्या आवळतो आणि तो ओला वास आतल्या नाकात ओढून घेतो. गाय माजावर आहे की नाही, हे त्याला तिथं कळतं. आम्ही त्यासाठी माजाची लक्षणं, चिकट स्राव, शेवटचा माज कधी झाला, असं दहा गोष्टी विचारत बसतो. रेडा, बोकड, घोडा, सगळे हेच करतात. माणसात हा अवयव नावापुरता उरलाय.

गाय व्यायली की वासराला चाटते ते नुसतं कोरडं करायला नाही. पहिल्या काही तासांत त्याचा वास पक्का करून घेते. वासरू दगावलं तर जुने लोक त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढं उभं करायचे, ते बघून आणि हुंगून ती पान्हा सोडायची. बघायला वाईट वाटतं, पण वासाची ताकद त्या माणसांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती. कानाचंही तसंच. पंढरपुरी म्हशीला रोजच्या बादलीचा आवाज आला की धार काढायच्या आधीच सडांना दूध उतरतं. म्हणून सांगतो, धारेला रोज तोच माणूस, तीच वेळ, तीच बादली.

उजनीकाठ | सोमवार, दुपारी २:००

सापाचं पण तेच नाक ना? जीभ बाहेर काढून आत ओढतो.

डॉ_गोठा | सोमवार, दुपारी २:१०

तेच. जीभ चव घेत नाही, हवेतले कण गोळा करून आत पोचवते. दोन टोकं अशासाठी की डाव्या टोकाला वास जास्त लागला तर उंदीर डावीकडं गेला. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसं तो वासाची ओळखतो.

सात_रस्ता | सोमवार, दुपारी ३:३०

मग नागपंचमीला पुंगीवर डोलतो तो? सापाला कान नसतात म्हणतात. आणि शेटफळला म्हणे घरोघरी नाग...

उजनीकाठ | सोमवार, दुपारी ३:४५

शेटफळचे व्हिडिओ आम्हालाबी येतात, सोडा ते. पुंगीचं मी सांगतो, आमच्या शाळेत सर्पमित्र आला होता. त्यानं पुंगी न वाजवता नुसती हलवली तरी नाग डोलला. पुंगी एका जागी धरून वाजवली तर गप्प. तो समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून असतो, दंश करायच्या तयारीत. गाणं-बिणं काय नाय.

प्रयोगवही | सोमवार, दुपारी ४:१०

छान. एवढंच जोडतो: सापाला बाहेरचा कान आणि पडदा नाही, पण आतला कान आहे, आणि तो एका हाडानं जबड्याशी जोडलेला आहे. जबडा जमिनीला टेकला की पावलांचा हादरा थेट आत. हवेतलंही खालच्या पट्टीचं त्याला कळतं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सापांना आवाज ऐकवून पाहिले, तर काही जाती आवाजापासून पळाल्या आणि एक अजगर उलट जवळ आला. "साप बहिरा" हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून काढायला हवं. मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं, हे कबूल करतो.

तुतीवाला | सोमवार, संध्याकाळी ६:२०

वास म्हणताय तर आमच्या रेशमाच्या किड्याचं ऐका. दोन एकर तुती आहे, कोष विकतो. आम्ही कोषातला किडा बाहेर येऊ देत नाही, नाहीतर धागा तुटतो. पण मागच्या वर्षी पोरीच्या शाळेसाठी २० कोष पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले. पांढरे पतंग निघाले. नराच्या मिशा कंगव्यासारख्या. मादी एका कोपऱ्यात बसलेली, हलत नाही. नर दुसऱ्या टोकाला. तिनं पोटाचं टोक जरा बाहेर काढलं मात्र, नरानं पंख फडफडवत गोल गोल फिरायला सुरुवात केली आणि वेटोळे घेत बरोबर तिच्यापाशी पोचला. उडता येत नाही त्यांना, चालतच. पोरीनं खोक्याच्या मध्ये वहीचा पुठ्ठा उभा केला तर तो पुठ्ठ्याच्या कडेनं वळसा घालून गेला.

प्रयोगवही | सोमवार, संध्याकाळी ७:०५

वा! तुमच्या मुलीनं उत्तम प्रयोग केला. तो वास म्हणजे बॉम्बिकॉल. अॅडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये तो वेगळा केला, त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या. कीटकाचा ओळखला गेलेला पहिला गंधसंदेश हाच. आणि बघा, रेशमाचा पतंग कोषातून निघाल्यावर काही खात नाही, तोंडच कामाचं राहत नाही. उरलेले दिवस निव्वळ वासावर.

प्रत्येक प्राण्याकडं वास ओळखणारी जनुकं किती, याची यादी आता झाली आहे. माणूस सुमारे ४००, कुत्रा ८०० च्या आसपास, उंदीर हजारावर, आफ्रिकी हत्ती जवळजवळ २०००. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांचं.

कडक_भाकरी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

कुत्रं निघालंच तर आमच्या वाघ्याचं सांगतो. कारवानी जातीचं हाय, सशामागं पळतंय ते नजरेनं, नाकानं नाही, त्यामुळं नाकाची परीक्षा त्याची घेऊ नका. पण परवा एक बघितलं. अंगणात धुळीत कायतर हुंगत होतं, आणि नाकाच्या दोन्ही बाजूला धूळ उडत होती, दोन स्वल्पविरामावाणी. समोरची धूळ जागची हलंना. ह्ये काय गणित?

डॉ_गोठा | सोमवार, रात्री ८:००

तुम्ही चेष्टा करता करता नेमकं बघितलंत. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. श्वास समोरून आत, बाहेर बाजूच्या चिरेतून. म्हणून सोडलेला श्वास समोरचा वास उधळून लावत नाही, उलट नवी हवा आणखी आत ओढली जाते.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ८:१२

नाक झालं, आता कान. संक्रांतीला होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की वाघ्या पलंगाखाली. तीन किलोमीटरवरून! लाळ गाळतंय, थरथरतंय, मुतलं पण एकदा. त्याला आवाज जास्त येतो काय आपल्यापेक्षा?

डॉ_गोठा | सोमवार, रात्री ८:३०

आपल्या कानाची धाव २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा मोठा तेवढी पट्टी वरची). कुत्रा ४५,००० पर्यंत ऐकतो, मांजर त्याच्याही पुढं ६०,००० च्या वर, गाय ३५,००० पर्यंत. फटाक्याच्या आवाजातला जो कर्कश भाग आपल्याला ऐकूच येत नाही, तोही त्याला येतो. त्यात कुठून आला, कधी संपणार, काहीच कळत नाही. पलंगाखाली जाऊ द्या, ओढून काढू नका. खिडक्या लावा, पंखा नाहीतर टीव्ही चालू ठेवा. दरवर्षीच होत असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरला दाखवून औषध घ्या, ऐनवेळी नको.

उजनीकाठ | सोमवार, रात्री ९:१५

कानावरून, आमच्या उसाच्या फडाला उंदरांनी जेरीस आणलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून बांधावर आठ-दहा पक्षीथांबे रोवले. गव्हाणी घुबडांची जोडी यायला लागली. एकदा अमावस्येला मोटर चालू करायला गेलो. बॅटरी बंद करून उभा राहिलो. डोक्यावरून कायतर गेलं, आवाज नाही, नुसता वारा लागला. पाचटात झडप आणि चीं. मिट्ट अंधारात, पाचटाखालचा उंदीर! दिसला कसा असेल?

माळरान | सोमवार, रात्री ९:३०

दिसला नाही, ऐकू आला. गव्हाणी घुबडाचा तो बदामी चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी ताटली. आणि त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक जरा वर, एक जरा खाली. आवाज डावीकडून की उजवीकडून हे आपल्यालाही कळतं. त्याला वरून की खालून हेही तेवढंच नेमकं कळतं. पूर्ण अंधारी खोलीत नुसत्या पाल्याच्या खसफसीवर ते उंदीर पकडतं, हे प्रयोगांत दाखवलंय.

पूर्वभागातली | सोमवार, रात्री ११:४०

मिरचीवरून कुठल्या कुठं आलो आपण. सगळं वाचतेय. आता कानावर आलाच आहात तर मनातलं विचारते.

अण्णांनी ३४ वर्षं माग चालवले. चादरीच्या शेडमध्ये, धोट्याचे (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा तो धोटा) जुने यंत्रमाग. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. दाराशी पोचायच्या आधी पायाखालची फरशी थरथरायची. आत सगळे खुणांनी बोलायचे. सूत तुटलं, कांडी संपली, मालक आला, प्रत्येकाला वेगळी खूण. अण्णा अजून ओठ बघून बोलणं ओळखतात. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा त्यांचं बोलणंच बंद झालं. आम्हाला वाटलं घाबरलेत, नंतर कळलं त्यांना काही कळतच नव्हतं.

कावळा त्यांना ऐकू येतो. बसचा हॉर्न येतो. कुकरची शिट्टी येत नाही. मी "सात" म्हटलं की "आठ" ऐकतात. आणि परवा रात्री गच्चीत मिरची झाकायला गेलो तेव्हा म्हणाले, "पहिलं रात्री किती किर्र व्हायचं. औषधं मारून मारून रातकिडे संपवले सगळे." कुंड्यांच्या मागं रातकिडे इतके ओरडत होते की मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

मी काही बोलले नाही.

प्रश्न असा: कुत्र्या-मांजराला, पक्ष्याला पण असं होतं का? मोठ्या आवाजानं कान जातात का त्यांचे?

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, रात्री वाचलं. सकाळी लिहितो म्हणून ठेवून दिलं.

आतल्या कानात शंखासारखी नळी असते. तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी, एका कानात १५-१६ हजार. आवाजानं तुरे हलतात, त्यातून संदेश जातो. कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर असतो. रोज, वर्षानुवर्षं. तुरे मोडतात, पेशी मरतात. सगळ्यात आधी जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा. रातकिडा नेमका ४ ते ५ हजारांत ओरडतो. 'स', 'त', 'फ' यांची सळसळही वरच्याच पट्टीत; म्हणून सातचे आठ. कावळा आणि हॉर्न खाली आहेत, ते वाचले.

कुत्र्याचं, मांजराचं, गाईचंही असंच होतं. सस्तन प्राण्यात या पेशी गेल्या की परत येत नाहीत. गंमत म्हणा किंवा अन्याय म्हणा, जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा-बारा दिवसांत नव्या होतात. नाकातल्या वासाच्या चेतापेशीही आयुष्यभर नव्या येत राहतात. कोरोनात गेलेला वास बहुतेकांचा परत आला त्यामागं हेही आहे. कानाला ही सोय नाही.

पक्ष्यांना आहे. १९८८ मध्ये दोन गटांनी दाखवलं, एकानं कोंबडीच्या पिलांत, दुसऱ्यानं लाव्यांत. मोठ्या आवाजानं त्यांच्या या पेशी मारल्या, तर शेजारच्या आधार देणाऱ्या पेशींनी विभागून काही दिवसांत नव्या केल्या. तेव्हापासून जगभर खटपट चालू आहे की सस्तन प्राण्याच्या कानाला हे कसं शिकवावं. अजून जमलेलं नाही.

कानाची तपासणी करून घ्या, ऑडिओग्राम. कानाला लावायच्या यंत्रानं सगळं परत येणार नाही, पण 'सात' आणि 'आठ' वेगळे व्हायला मदत होईल.

पूर्वभागातली | मंगळवार, सकाळी ८:१०

म्हणजे त्या शेडमध्ये ३४ वर्षं कोंबडी ठेवली असती तर ती आज धड ऐकत असती.

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ८:३५

ताई, आमचे चुलते पण असेच हायत. अशोक चौकात दुकानात बसतात, गिऱ्हाईक किंमत विचारतंय आणि ते हो हो म्हणतात. आम्ही हसायचो. आज नाय हसलो.

तुतीवाला | मंगळवार, सकाळी ९:२०

सहज विचारतो, रातकिड्याला स्वतःचा आवाज ऐकायला कान कुठं असतात?

माळरान | मंगळवार, सकाळी ९:४५

पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली. दोन्ही पायांवर एकेक कान. ओरडतो तो नर, पंखावर पंख घासून; मादी पाय रोवून ऐकते आणि त्या दिशेनं चालत येते. नाकतोड्यांचा कान पोटावर. किड्यांनी कान कुठंही लावून घेतलेत.

पूर्वभागातली | बुधवार, रात्री १०:३०

अपडेट. काल मुलानं फोनवर एक फुकट अॅप घेतलं, आवाजाचा आलेख दाखवणारं. खाली हर्ट्झ लिहिलेले असतात आणि आवाज आला की तिथला पट्टा वर उडतो. रात्री अण्णांना गच्चीत नेलं, फोन कुंडीपाशी धरला. ४ आणि ५ हजारांच्या मध्ये एकच काडी वर-खाली, वर-खाली. बाकी सगळं सपाट.

अण्णांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "हे उडालं की तो ओरडला?" मी मान हलवली. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर आपटायला सुरुवात केली, काडी उडेल तसं. माग बघताना ठोक्यावर आपटायचे, तसंच. मग दुसऱ्या कुंडीपाशी जाऊन फोन धरला, तिथली काडी जरा वेगळ्या जागी उडत होती. "हा दुसरा हाय," म्हणाले. सगळ्या कुंड्या फिरून आले. तीन निघाले.

खाली उतरताना एवढंच बोलले, "मेले न्हाईत मग."

शुक्रवारी तपासणीची वेळ घेतली आहे.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री १०:४४

आणि मिरची?

पूर्वभागातली | बुधवार, रात्री १०:५१

डंकावर गेली. लवंगी पावशेर कमी भरली.